तीन नंबरचा डबा

दसरा उलटला की आमच्या घरासमोरच्या बाभळीला कापूस लागतो. झाड बाभळीचंच आहे, पण मानवतकडे जाणाऱ्या गाड्या तिच्याखालून जातात आणि प्रत्येक गाडी काट्यांना थोडा थोडा कापूस देऊन जाते. आठ-पंधरा दिवसांत झाड पांढरं दिसायला लागतं. बायको म्हणते, बघा तरी, किती छान दिसतंय. मी उठून खिडकी लावून घेतो.

कापसाच्या हंगामात मी चिडका होतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सून त्याला ॲलर्जी म्हणते आणि गोळी देते. गोळी घेतो. शिंका थांबतात.

या वर्षी हंगामाबरोबर एक निमंत्रणही आलं. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आता मोठा रेडिओलॉजिस्ट झालाय, त्याचा फोन. निरंतर वैद्यकीय शिक्षणाचा कार्यक्रम आहे, हॉटेलात आहे, जेवण आहे, हजेरी लावली की पॉइंट मिळतात. त्याला म्हटलं, अरे, या वयात मला पॉइंट कशाला? वर गेल्यावर दाखवायचेत का? तो हसला. म्हणाला, "सर, तुम्ही फक्त वीस मिनिटं बोला. तुमच्या काळातले गमतीदार फोटो, गमतीदार अनुभव. जेवणाआधी थोडं हलकंफुलकं हवं असतं लोकांना."

गमतीदार फोटो माझ्याकडे एक आहे. कपाटात खालच्या खणात, खाकी पाकिटात आहे. एक नव्हे, दोन आहेत. पण गंमत एकाचीच झाली.

त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ संपून तीन-चार वर्षं झाली होती. त्या साली कापूस बरा आला होता. बऱ्याच दिवसांनी मानवतच्या जिनिंग गिरणीबाहेर बैलगाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत आली होती, आणि परभणीच्या स्टेशनवर कापसाच्या गठाणींच्या थप्प्यांमुळे माणसांना उभं राहायला जागा नव्हती. सकाळी हवेत गारवा, सरकीचा तेलकट वास, आणि उन्हाच्या तिरिपीत तरंगणारी रुई. चहाच्या कपात रुई, पोलिसाच्या मिशीत रुई, तारांवर रुई. माणसं आनंदात होती. मीही होतो, कारण तेव्हा मी तेहतीस-चौतीस वर्षांचा होतो आणि माझ्या नावामागे डॉक्टर लागलं होतं.

त्या वेळी परभणीत एका ट्रस्टचा दवाखाना होता. आता त्या जागी मंगल कार्यालय आहे. तिथल्या क्ष-किरण विभागाचा मी प्रमुख होतो. प्रमुख म्हणायचं, कारण विभागात आम्ही दोघंच होतो, मी आणि हमीदभाई. एक मशीन, एक अंधारी खोली, एक लाल दिवा आणि फिल्म धुवायच्या औषधांच्या टाक्या. काही तपासण्या काळोखातच कराव्या लागत. त्यासाठी डोळे सरावावेत म्हणून मी आधी अर्धा तास लाल काचांचा चष्मा घालून बसायचो. तो चष्मा घालून बाहेर चहा प्यायला गेलो की टांगेवाले म्हणायचे, डॉक्टर आज शूटिंगला चाललेत. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

हमीदभाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. निजामाच्या राज्यात एका फोटो स्टुडिओत ते फिल्म धुवायला शिकले, आणि तिथून या खोलीत आले. शिक्षण उर्दू चौथी. त्यांना कुणी कधी कुठल्या वर्गाला पाठवलं नाही. पण थंडीत औषध गार पडलं की फोटो फिका येतो, म्हणून स्वतःच्या चहाच्या किटलीतलं गरम पाणी टाकीभोवती ओतायचं हे त्यांचं डोकं. मी ते नंतर पुस्तकात वाचलं, वेगळ्या शब्दांत.

एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फिल्म ठेवायला पत्र्याचा चपटा डबा असायचा, पुस्तकासारखा उघडणारा. आत दोन्ही बाजूंना पांढरे पडदे. त्या पडद्यावर धुळीचा कण बसला तर फोटोत तिथं पांढरा ठिपका उमटायचा. आमच्याकडे असे चार डबे. हमीदभाईंनी प्रत्येकाच्या कोपऱ्यात शिशाचा बारीक आकडा चिकटवला होता. म्हणजे कुठला फोटो कुठल्या डब्यातला हे फोटोतच दिसायचं. कापसाच्या दिवसांत रुई डब्यात शिरायची आणि फोटोवर ठिपके यायचे. त्यांना मी 'मानवतचे ठिपके' असं नाव दिलं होतं. हमीदभाई रोज सकाळी बायकोच्या जुन्या मलमलीच्या ओढणीनं चारही डबे पुसायचे. पुसताना श्वास रोखून धरायचे, आपल्या श्वासाचाही डाग पडेल म्हणून.

माझी आई मानवतच्या जिनिंगमध्ये होती. बाप अडतीवर हमाल. छप्पन साली आमचा वाडा बौद्ध झाला तेव्हा मी शाळेत होतो, आणि त्या दिवशी बापानं एवढंच सांगितलं होतं, आता मागं बघायचं न्हाई. मी मागं बघितलं नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती, मेडिकल, डिप्लोमा. आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या पापण्यांवर पांढरं बसलेलं असायचं. ती पदरानं तोंड पुसायची आणि मग मला जवळ घ्यायची. कॉलेजात कुणी विचारलं, आई काय करते, तर मी सांगायचो, घरीच असते. त्या वेळेपर्यंत ती वारली होती, त्यामुळे हे खोटंसुद्धा धड नव्हतं.

सुमन त्याच जिनिंगमधली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिला घेऊन तिची आई कौतिकाबाई आली होती. कौतिकाबाईनं माझ्या आईच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं पाट्या वाहिल्या होत्या. दारातून आत आल्या आल्या ती "लेकरा" म्हणाली, मग जीभ चावून "सायेब" म्हणाली, आणि पुढं सगळा वेळ या दोन शब्दांत अडकून राहिली.

"लय ताप येयलाय हो सांजच्याला," ती म्हणाली. "दीड महिना झाला. जेवंना झालीय. रातीची घामानं भिजायलीय. थुंकी तपासली, त्यात काई न्हाई म्हनले."

सुमन भिंतीकडे तोंड करून मशीनपुढं उभी राहिली. हमीदभाईंनी तिला सांगितलं, "बेटी, दम धर. हं, आता सोड." तीन नंबरच्या डब्यात तिचा फोटो निघाला.

फोटो वाळायच्या आधीच मी उजेडावर धरला. दोन्ही फुप्फुसांत वरपासून खालपर्यंत बारीक बारीक ठिपके, बाजरी सांडावी तसे. या रोगाचं इंग्रजी नावच बाजरीवरून पडलंय. क्षय रक्तातून सगळीकडे पसरला की असे ठिपके येतात. थुंकीत बऱ्याचदा काही सापडत नाही, फोटो हाच पुरावा. आणि वॉर्डातले मोठे डॉक्टर माझ्या कागदाशिवाय क्षयाची इंजेक्शनं सुरू करत नसत. म्हणजे सगळं माझ्या एका ओळीवर होतं. ती ओळ मी त्या दिवशी लिहायला हवी होती.

पण दिवस कापसाचे होते. ही खरी बाजरी की मानवतचे ठिपके, अशी मनात पाल चुकचुकली. आणि टेबलावर मुंबईच्या उजळणी वर्गाचं पत्र पडलेलं होतं. मोठ्या इस्पितळातला तीन आठवड्यांचा वर्ग, क्ष-किरण डॉक्टरांसाठी, ज्ञान ताजं करायला. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपला एक अवघड फोटो आणायचा होता. माझ्याकडे फोटो नव्हता. आता मिळाला.

हे असं उघडं लिहायला इतकी वर्षं गेली. मला तिचा आजार शोधायचा होताच, नाही असं नाही. पण मला मुंबईत दाखवायला एक चांगला फोटोही हवा होता.

"तीन आठवडे थांबा," मी कौतिकाबाईला सांगितलं. "मोठ्या डॉक्टरांना दाखवून येतो." येण्याचा वार सांगितला, गाडी सांगितली. तिनं हात जोडले. म्हणाली, "आमच्यासाठी ममईला चाललाव. तुमच्या मायचं पुण्य हाय."

त्या वर्गाबद्दल वाईट बोलता येत नाही, हाच त्रास आहे. शिकवणारे सर खरोखर विद्वान होते. पडद्यावर हाडाचा फोटो यायचा आणि ते हाडाचा सगळा इतिहास सांगायचे, कधी मोडलं, कसं जुळलं, आत काय वाढतंय. विलायतेत नवं मशीन आलंय, ते माणसाच्या डोक्याचे पावासारखे काप दाखवतं, असं त्यांनी सांगितलं. मी वहीत ते काप काढून घेतले. आमच्याकडे दुपारी वीज जायची, हे माझ्या मनात आलंच नाही. मी नवा टेरिलिनचा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावलं होतं, आणि आजूबाजूला पुण्या-मुंबईचे डॉक्टर एकमेकांशी फाडफाड इंग्रजी बोलत होते. मी तीन आठवडे फार कमी बोललो.

शेवटच्या दिवशी माझा नंबर आला. सुमनचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. माझ्या खिशात एक कागद होता, त्यावर सगळं लिहिलेलं: ताप किती दिवस, वजन किती उतरलं, थुंकीचा निकाल. मी तो काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात सरांनी मान वळवली.

"डॉक्टर, कुठून आलात आपण?"

"परभणी."

"काय पिकतं तिकडं?"

"कापूस," मी म्हणालो. "ज्वारी. पण मुख्य कापूसच."

"मग झालं तर," सर म्हणाले. "हा रोग नाही. हे पीक आहे."

हॉल हसला. मोठ्यानं हसला, बराच वेळ. सरही हसले, पण वाईट मनानं नाही, शिक्षक हसतो तसे. मग त्यांनी समजावलं की डब्यातले पडदे स्वच्छ ठेवले नाहीत तर कसा घोटाळा होतो आणि चांगल्या माणसाला उगाच रोगी ठरवलं जातं. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं. माझा दुसरा हात अजून खिशातल्या कागदावरच होता.

त्या हशात मला काय झालं ते सांगतो. मला वाटलं, आईच्या पापण्यांवरचं पांढरं या सगळ्यांना दिसलं. इतकी वर्षं झाकलेलं, टेरिलिनच्या शर्टाखालून, त्या पेटीच्या उजेडात स्वच्छ दिसलं. मला तिथून फक्त सुटायचं होतं. सरांनी विचारलं, "या फोटोची स्लाइड करून ठेवू का? शिकवायला फार उपयोगी आहे." मी म्हणालो, जरूर सर. वर आभारही मानले. फोटो परत मिळाला, सर्टिफिकेटही मिळालं.

आजकालच्या पोरांना धूळ नाही, डबा नाही, अंधारी खोली नाही. फोटो थेट कॉम्प्युटरवर येतो, तिथून फोनवर, आणि जेवता जेवता रिपोर्ट जातो. मला त्यांचा हेवा वाटतो. पण त्यांच्या कार्यक्रमांना मी दोन-चारदा जाऊन बसलोय. समोर पडदा, खाली अंधार, वर एक ज्ञानी माणूस, आणि अधूनमधून कुठल्यातरी खेड्यातल्या डॉक्टरची चूक दाखवली की होणारा तो हशा. तेवढं काही बदललेलं नाही. मी त्या हशाला ओळखतो आणि जेवायच्या आधीच घरी निघून येतो.

परतीची गाडी मनमाडला बदलली, आणि छोट्या रुळांवरची पॅसेंजर सकाळी मानवत रोडला थांबली. फलाटावर गठाणींच्या थप्पीला टेकून कौतिकाबाई आणि सुमन उभ्या होत्या. परभणीपर्यंत यायचं भाडं वाचवून त्या पहाटेच गावातून निघाल्या होत्या. सुमननं डोक्यावरून शाल घेतली होती. तीन आठवड्यांत ती निम्मी झाली होती. हे मला दिसलं. मी आंधळा नव्हतो.

कौतिकाबाई डबे बघत बघत माझ्या खिडकीशी आली. "काय म्हनले मोठे डॉक्टर?"

"काही नाही," मी म्हणालो. "फोटोवर धूळ आहे. कापसाची. पोरीच्या छातीत काही नाही."

"धूळ?" तिनं सुमनकडं बघितलं. सुमन हसली. तिचे दात फार मोठे दिसले. मग कौतिकाबाईनं मला जो प्रश्न विचारला तो त्या अख्ख्या हॉलमध्ये कुणाला सुचला नव्हता. "मंग ताप कामून येतोय?"

"हवा बदलली की येतो ताप," मी म्हणालो.

"तुमी सांगितलं म्हंजी झालं," ती म्हणाली आणि पदरातली बोरं खिडकीतून माझ्या हातात ओतली. गाडी सुटली. परभणी येईपर्यंत मी ती खाल्ली. गोड होती.

दुसऱ्या दिवशी मी हमीदभाईंना वर्गातली हकिकत सांगितली, हसण्याचा भाग वगळून. डब्यांच्या स्वच्छतेबद्दल चार शब्द सुनावलेही. ते आत गेले आणि एक फोटो घेऊन आले. एका म्हाताऱ्या हवालदाराचा, बरगडी मोडलेला.

"साब, हा बगा. त्याच दिशी, त्याच तीन नंबरच्या डब्यात, त्या पोरीच्या मागून काढलाय. ह्याच्यात एक बी ठिपका न्हाई. गर्दा असता तर ह्याच्यात बी आला असता ना."

कोपऱ्यात शिशाचा तीनचा आकडा स्वच्छ दिसत होता. फोटो माझ्या हातभर अंतरावर होता. नुसता हात पुढं करायचा होता.

"हमीदभाई," मी म्हणालो, "तुम्ही अंधाऱ्या खोलीतलं बघा. बाहेरचं मी बघतो."

"परत काढू का तिचा फोटो? मानवतला माझा भाचा हाय, त्याच्या हाती सांगावा धाडतो."

"धुळीचा फोटो परत कशाला काढायचा?"

ते फोटो घेऊन आत गेले. मी रिपोर्ट लिहिला: डब्यातील धुळीमुळे आलेले ठिपके, छाती निर्दोष. सुवाच्य अक्षरात लिहिला. सर्टिफिकेट फ्रेम करून खुर्चीमागं टांगलं.

तेव्हा मला ते पटलं नव्हतं असं नाही. पटलं होतं, म्हणूनच मी चिडलो. पण मुंबईला आभार मानून स्वीकारलेलं आणि मानवत रोडला तोंडानं सांगितलेलं मागं कसं घ्यायचं? उर्दू चौथी शिकलेल्या माणसाचं ऐकून मोठ्या सरांना चुकीचं ठरवायचं, म्हणजे मी तीन आठवडे काय शिकून आलो? लोकांनी मला आयुष्यभर असंच धरलं होतं, याला काय कळतंय. आणि माझ्या हातात जरा अधिकार आला तेव्हा मी दुसऱ्या माणसाला तसंच धरलं. त्याला काय कळतंय.

संक्रांतीला दवाखान्यात तीळगूळ वाटत होते. तेवढ्यात सुमनला आणलं. मान ताठ झाली होती, उलट्या होत होत्या, आईला ओळखत नव्हती. क्षय मेंदूच्या आवरणात गेला होता. वॉर्डातल्या डॉक्टरांनी कमरेतून पाणी काढलं आणि माझ्या कागदाची वाट न बघता इंजेक्शनं सुरू केली. मी रोज वॉर्डात जाऊन यायचो आणि दारातूनच परत फिरायचो. पाचव्या दिवशी ती गेली.

कौतिकाबाई रडत नव्हती. पायरीवर बसली होती. मला बघून उठली, आणि तिनं विचारलं, "डॉक्टर, फोटोवरली धूळ डोक्यात कशी गेली हो?"

तो टोमणा नव्हता. मी सांगितलेलं तिनं जसंच्या तसं खरं धरलं होतं, आणि तिला पुढचं कळत नव्हतं म्हणून ती मला विचारत होती, शिकलेल्या माणसाला. मी काहीतरी पुटपुटलो. आजही मला काय पुटपुटलो ते आठवत नाही. पुढच्या हंगामात ती पुन्हा जिनिंगमध्ये लागली असं ऐकलं. मानवतला मी त्यानंतर कामाशिवाय गेलो नाही आणि काम कधी काढलं नाही.

त्या संध्याकाळी मी अंधाऱ्या खोलीत जाऊन दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. हवालदाराचा साफ. सुमनच्या फोटोत ठिपके फक्त फुप्फुसात होते. खांद्यावर एक नाही, गळ्यावर नाही, पोटावर नाही. धुळीला फुप्फुस कुठं संपतं ते कळत नाही, ती सगळीकडे पडते. हे विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगतात. मला ते मुंबईला जायच्या आधीपासून येत होतं. हमीदभाई दारात उभे होते. त्यांनी फक्त लाल दिवा मालवला आणि पांढरा लावला.

दोन वर्षांनी पुन्हा उजळणी वर्गाचं पत्र आलं. पुन्हा कापसाचेच दिवस. मी निघायच्या आदल्या दिवशी हमीदभाईंनी ते दोन फोटो खाकी पाकिटात घालून, वर दोरा गुंडाळून माझ्याकडे दिले. "साब, ह्या खेपी त्यांना दाखवा. दोन्ही दाखवा. चूक त्यांची बी न्हाई, त्यांना दुसरा फोटो कुठं दिसला होता?" इतक्या साध्या न्यायानं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. मी म्हणालो, दाखवतो. खरंच ठरवलं होतं. गाडीत मी वाक्यं जुळवली, इंग्रजीत, आणि मनमाडपर्यंत पाठ केली.

हॉल तोच होता. या वेळी नवे चेहरे, माझ्यापेक्षा लहान. मी दुसऱ्या रांगेत बसलो, पाकीट मांडीवर. अंधार झाला, स्लाइड सुरू झाल्या, आणि सातवी-आठवी स्लाइड सुमनची आली. तिच्या बारीक गळ्याची हाडं, डावा खांदा जरा उचललेला, कोपऱ्यात हमीदभाईंचा शिशाचा तीन. सरांनी सगळ्यांना निदान विचारलं. तीन-चार मुलांनी क्षय सांगितला. बरोबर सांगितला.

"परभणीहून आलेला फोटो आहे," सर म्हणाले. "हा रोग नाही. हे पीक आहे."

हॉल हसला. माझ्या शेजारचा मुलगा माझ्याकडे वळून हसला, आपण वळतो तसा, समोरचाही हसतोय ना ते बघायला.

आणि मीही हसलो.

पाकिटाचा दोरा सुटला नाही. परत आलो तेव्हा सकाळची वेळ होती, हमीदभाई दाराशी बसून ओढणीनं डबे पुसत होते. मला बघताच उठून उभे राहिले.

"साब, सांगितलं का त्यांना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मानले?"

"मानले."

त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. त्यांचे डोळे भरून आले होते. "लय बरं केलं साब तुमी," ते म्हणाले. "आता कुनाची लेक अशी जायची न्हाई."

मी मान हलवली आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं.